आधी जोड बघा: घरातलं यंत्र किंवा कॉम्प्युटर बंद पडल्यावर

घरातलं एखादं यंत्र बंद पडलं की माणसं थेट त्याच्या पोटात बिघाड शोधायला लागतात. मोटार जळली असेल, बोर्ड गेला असेल, हार्ड डिस्क उडाली असेल. आयटीआयमध्ये पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीचं 'मॅडम, बघा की जरा' हे खातं आपसूक माझ्याकडं आलं. इतकी यंत्रं हाताखालून गेल्यावर माझं मत पक्कं झालंय की बिघाड बहुतेक वेळा जोडावर असतो. पिन सॉकेटात बसते तिथं, मिक्सरचं भांडं मोटारीवर बसतं तिथं, कॉम्प्युटरची मेमरीची पट्टी म्हणजे रॅम मदरबोर्डात बसते तिथं, नळी नळाला लागते तिथं. आतले भाग कंपनीनं बंद जागेत बसवलेले असतात. जोड मात्र रोज हलतो, तापतो, दमट हवा खातो. त्यात आपला पाऊस. जून ते सप्टेंबर पितळी पात्यांवर काळा-हिरवा थर चढतो आणि बोर्डात ऊब बघून मुंग्या मुक्काम टाकतात.

म्हणून मी भिंतीवरच्या बोर्डापासून सुरुवात करते आणि एकेक जोड तपासत यंत्राकडं जाते. घरात एवढं सामान ठेवा: टेस्टर, साधा डिजिटल मल्टिमीटर, पक्कड, चपटा आणि फुलीचा असे दोन स्क्रू ड्रायव्हर, झिरो नंबरचा पॉलिश पेपर, जुना दात घासायचा ब्रश, पांढरं खोडरबर आणि इन्सुलेशन टेप. पायात रबरी चप्पल, हात कोरडे. आणि उघडायचं काही असेल तर पिन बोर्डातून उपसून आपल्या डोळ्यांसमोर ठेवायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरात वायरिंग करणाऱ्यानं बटण न्यूट्रलवर टाकलेलं असतं आणि फेज आत तशीच जिवंत राहते. अशा घरात एलईडी बल्ब बंद केल्यावरही मिणमिणत राहतो. तसा दिसला तर वायरमनला बोलावून तेवढं बटण फेजवर घ्यायला सांगा. मात्र बटणातच छोटा इंडिकेटर दिवा असेल तर त्याच्यामुळंही बल्ब मिणमिणतो.

आता टेस्टर. लोकांचा त्याच्यावर भलताच विश्वास. टेस्टर पेटला म्हणजे लाइट आहे, मग यंत्रच बिघडलं, असा हिशेब. पण टेस्टर फक्त फेज आलीय एवढंच सांगतो. न्यूट्रल तुटली असेल तरी तो पेटणारच आणि यंत्र चालणार नाही. एखादं यंत्र लावून चालू ठेवलं आणि बोर्डाच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला, तर न्यूट्रल तुटलेली आहे. मल्टिमीटर असेल तर तो एसी व्होल्टवर, सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवा. सॉकेटचं मोठं अर्थिंगचं भोक वर धरलं की फेज उजवीकडं असायला हवी. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये अगदी थोडं, चार-पाच व्होल्टच्या आत. दुसरा आकडा बराच कमी आला तर घराचं अर्थिंग नावापुरतं आहे, आणि गीझरच्या पाण्याला हात लावण्याआधी ते दुरुस्त व्हायला पाहिजे.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, पोरांनासुद्धा. बल्ब एकाएकी जास्त झगमगायला लागले आणि पंखे सुसाट सुटले, तर विचार करत बसू नका, मेन स्विच खाली ओढा. बाहेर थ्री फेज लाइनची न्यूट्रल निसटली की एखाद्या घरात २३० ऐवजी तीनशेच्या वर व्होल्टेज येतं आणि टीव्ही, फ्रिज, राउटर एकाच झटक्यात जातात.

मिक्सर

आमच्या गल्लीत मिक्सर रविवारी सकाळी मरतात. मटण शिजत असतं, तांबड्याचं वाटण आणि पांढऱ्यासाठी खसखस-तीळ-काजू वाटायचे असतात आणि नेमकं त्याच वेळी समोरच्या मावशी दारात. 'मॅडम, नुसता घुं घुं करालाय, फिरंना झालाय.'

मावशींना मी आधी विचारते की आवाज येतोय का. उत्तर 'अजिबात नाही' असेल तर बोर्ड तपासा, आणि बोर्ड ठीक असेल तर मिक्सर उलटा करून बुडाखालचं छोटं लाल बटण बघा. ते ओव्हरलोडचं बटण. मोटारीवर ताण आला की ते बाहेर येतं आणि लाइट तोडतं. भांड्यातला अर्धा माल काढा, मोटार दहा मिनिटं थंड होऊ द्या, मग बटण आत दाबा. बरेच मिक्सर एवढ्यावर चालू होतात. भांडं न लावता चालवला तरी बटण लगेच बाहेर येत असेल, तर मात्र बिघाड मोटारीत आहे.

घुं घुं आवाज येतोय आणि पातं फिरत नाही, असं असेल तर भांडं काढा. पिन उपसलेलीच असू द्या. भांड्याच्या बुडाचा कपलर, म्हणजे मोटारीत अडकणारा दात्यांचा भाग, हातानं फिरवून बघा. अडकत असेल तर दोष भांड्याचा: पात्याच्या दांड्याभोवती वाटण वाळून घट्ट बसलेलं असतं. कोमट पाण्यात घटकाभर भिजवून हळूहळू फिरवा. पण रात्रभर भिजत ठेवू नका, पाणी दांडा ज्यात फिरतो त्या बुशमध्ये शिरतं आणि आतलं वंगण धुऊन जातं. भांड्याखाली काळं, तेलकट पाणी गळत असेल तर बुश झिजलाय, तो बदलायचा.

भांडं मोकळं फिरतंय, मोटारीचा आवाजही नेहमीसारखा, पण पातं घसरतंय आणि रबर जळाल्यासारखा वास येतोय, तर मोटारीवरचा कपलर गेला. त्याचे दाते झिजलेले दिसतील. हा कपलर मुद्दाम कच्च्या मालाचा केलेला असतो. ताण आला तर स्वस्तातला कपलर जावा आणि महागाची मोटार वाचावी, अशी योजना असते. त्यामुळं तो वरचेवर गेला म्हणून कंपनीला शिव्या घालू नका, भांड्यात किती कोंबतोय ते बघा.

बदलायचा कसा? मिक्सर आडवा करून बुडाचं झाकण उघडा. मोटारीच्या दांड्याचं खालचं टोक दिसेल, पुष्कळ मॉडेलमध्ये त्याला स्क्रू ड्रायव्हर बसेल अशी खाच असते. ते टोक घट्ट धरा आणि वरचा कपलर फिरवा. कोणत्या बाजूला, याच्यावर लोक गोंधळतात, जोर लावतात आणि आटे खलास करतात. साधा विचार करा. मोटार फिरताना भांडं तिला मागं ओढत असतं, म्हणजे कपलर फिरण्याच्या उलट बाजूला खेचला जातो. चालता चालता तो निघून येऊ नये म्हणून आटे असे पाडलेले असतात की त्या ओढीनं तो आवळतच जावा. म्हणून मोटार ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला कपलर फिरवला की सुटतो. मोटार कुठल्या दिशेला फिरते ते मिक्सर उघडण्याआधीच, भांडं न लावता क्षणभर चालू करून बघून ठेवा. नवा घेताना जुना सोबत न्या. डोळ्यांना सारखे दिसणारे कपलर दात्यांत किंवा आट्यांत वेगळे निघतात. दुकानात नाहीच मिळाला तर उद्यमनगरात विचारा. या गावात लेथवर काय होत नाही? मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरासुद्धा इथंच घडवला होता.

हवेच्या फटीतून आत बघितलं तर कार्बन ब्रशजवळ बारीक निळसर ठिणगी दिसते. तेवढी चालते. ठिणग्यांचं अखंड कडं दिसायला लागलं, वास आला आणि मिक्सर मध्येच थांबून थांबून चालायला लागला, तर ब्रश झिजले. अर्धा सेंटिमीटरपेक्षा आखूड झाले असतील तर दोन्ही एकदम बदला, एकच बदलू नका. इथंही जोडच बघायचा: कधी ब्रश चांगला असतो, त्याच्या मागची स्प्रिंग तेवढी थकलेली असते.

वाटणाबद्दल थोडं. भाजलेलं खोबरं-कांदा गरम असतानाच भांड्यात टाकायची घाई करू नका. वाफ कोंडते, झाकण उडतं आणि झाकणाचं रबर ताणून ढिलं होतं. पाणी थोडं थोडं घाला, मिनिटभर चालवा, थांबा, परत चालवा. आणि वर्षाची चटणी डंकावरच कुटून आणा. सुक्या मिरच्या आणि खडा मसाला घेऊन घरच्या मिक्सरला किलोवारी जुंपणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना थेट वाइंडिंगवाल्याकडं पाठवते.

लाइट सारखी ट्रिप होते तेव्हा

नव्या घरांत मीटरजवळ आरसीसीबी असतो. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं पूर्ण परत आला नाही, म्हणजे कुठंतरी अर्थिंगमध्ये किंवा माणसाच्या अंगातून गळतोय, असं वाटलं की तो पडतो. घरात साधारण ३० मिलिअँपिअरचा असतो. तो वारंवार पडतोय म्हणून वायरमनकडून काढून घेतलेलं घर मी बघितलंय. असला शहाणपणा करू नका.

आधी घरातल्या सगळ्या पिना उपसा, बटणं बंद केल्यानं काम होत नाही. आता आरसीसीबी वर करा. तो वर टिकला तर दोष यंत्रात आहे. एकेक पिन लावत जा, ज्या यंत्राला पडेल ते धरा. बहुतेक वेळा गीझर सापडतो, त्याचं कॉइल फुटून पाण्यात करंट उतरलेला असतो. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरा क्षार जमतो, खाली ते जास्त तापतं आणि फुटतं. काहीही न लावता पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. पावसाळ्यात भिंतीला ओल आली असेल तिथला बोर्ड आधी बघायला सांगा. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, आरसीसीबी पडला पाहिजे. नाही पडला तर तो शोभेचा आहे, बदला.

गीझरचीच आणखी एक गोष्ट. २००० वॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा तेरा. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. मल्टिप्लगवर किंवा छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो लावला की पिन काळी पडते, प्लास्टिक वितळतं. काळी पडलेली पिन बदलताना सॉकेटही बदला. सॉकेटातल्या पात्यांची पकड एकदा गेली की नवी पिनही तशीच जळते.

पंखा, फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांचं थोडक्यात. पंखा मंद झाला किंवा काठीनं ढकलल्यावरच फिरायला लागला तर कपॅसिटर गेला. छतावरच्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो, जुन्यावर छापलेला आकडा वाचून तोच आणा. काढण्याआधी घराचा मेन बंद करा आणि कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना प्लास्टिक मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरची दांडी एकदम टेकवा, आत साठलेला चार्ज निघून जातो. पाचवर फिरतो आणि खालच्या नंबरांवर फिरत नाही, तर रेग्युलेटर.

फ्रिजचं दार नोटेवर बंद करून नोट ओढा. सहज निघाली तर तिथलं रबर ढिलं झालंय. आधी साबणाच्या कोमट पाण्यानं पुसून बघा, चिकट घाणीमुळंही ते बसत नाही. खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये पाणी साचत असेल तर मागच्या भिंतीतलं निचऱ्याचं भोक तुंबलंय, प्लास्टिकच्या बारीक काडीनं मोकळं करा. लाइट येते-जाते तेव्हा फ्रिजची पिन काढा आणि पुन्हा लावण्याआधी तीन-चार मिनिटं थांबा, लगेच चालू केला तर कॉम्प्रेसर दाबाखाली उठू शकत नाही.

वॉशिंग मशीनमध्ये पाणी येत नाही ही तक्रार आमच्याकडं पहिल्या पावसानंतर ठरलेली. पाणी गढूळ येतं आणि मशीनच्या मागं, नळी जिथं लागते तिथली चाळणी गाळानं भरते. नळ बंद करा, नळीचा नट हातानं सोडवा, चाळणी पक्कडीनं अलगद ओढा, ब्रशनं घासा. पाणी बाहेर जात नसेल तर समोरून दार असलेल्या मशीनमध्ये खालच्या कोपऱ्यातली झडप उघडून फिल्टर काढा. खाली परात ठेवा, नाणी, पिना आणि शाळेच्या खिशातलं काहीबाही निघेल.

कॉम्प्युटर

इथंही तोच कायदा. डेस्कटॉप सुरूच होत नसेल तर आधी मॉनिटर आणि डबा (लोक ज्याला सीपीयू म्हणतात तो) वेगवेगळे धरा. डब्याचा पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पण पडदा काळा, तर मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना काढून परत लावा. डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच्यावर लावायची, मदरबोर्डच्या तोंडावर नाही. धूळ पुसताना लोक हमखास हे उलटं करून ठेवतात.

तरीही काळा? मग रॅम. पॉवर केबल उपसा, डब्याचं सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडा, पट्टी सरळ वर उचला. तिच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरानं हळूच घासा, भुगा ब्रशनं झाडा. इथं पॉलिश पेपर अजिबात वापरायचा नाही, सोनेरी मुलामाच निघून जाईल. खाच जुळवून पट्टी परत बसवा, खिट्ट्यांचा टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेकच लावून बघा, म्हणजे कुठली बिघडलीय ते कळतं. पावसाळ्यात माझ्याकडं येणाऱ्या 'मेलेल्या' डेस्कटॉपपैकी पुष्कळसे याच खोडरबरानं उठतात. शेजारचा बारावीतला पोरगा याला 'मॅडमचा मंत्र' म्हणतो. मंत्र कसला, दमट हवेनं धरलेला थर निघतो एवढंच.

लॅपटॉप मेल्यासारखा पडला असेल तर चार्जर काढा, सुरू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा, चार्जर लावून परत सुरू करा. दिवा लागतो पण पडदा काळा असेल तर अंधारात मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका मारा. पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड गेलाय. एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडा आणि आधी आपल्या फाइल काढून घ्या.

तारीख आणि वेळ रोज मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा गोल सेल संपलाय, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. हा बिघाड भलत्याच जागी दिसतो: बँकेची वेबसाइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो. प्रत्येक साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. कॉम्प्युटरची तारीख कैक वर्षं मागं गेली की त्याला ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही असं दिसतं. असा इशारा आला की आधी कोपऱ्यातली तारीख बघायची.

कॉम्प्युटर हळू चालतो या तक्रारीवर दुकानात 'फॉरमॅट मारा' हे एकच औषध मिळतं. मी ते शेवटी ठेवते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. डिस्कचा आकडा काही न करताही शंभर टक्क्यांवर चिकटलेला असेल आणि मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवरची डिस्क टाका. त्यानं जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानंही पडत नाही. मेमरीचा आकडा सतत नव्वदीच्या वर असेल आणि रॅम ४ जीबी असेल, तर ती ८ करा. दोन्ही ठीक असतील तर स्टार्टअपच्या यादीत जा आणि कॉम्प्युटर सुरू होताना सोबत उठणारी नको ती सॉफ्टवेअर बंद करा.

हार्ड डिस्कमधून टक् टक् आवाज येत असेल तर कॉम्प्युटर बंद करा आणि बंदच ठेवा. दुरुस्तीचं कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका. आत तबकडीवरून सुई खरवडत असेल तर प्रत्येक मिनिटाला फाइल जातायत. लग्नाचे फोटो, सात-बाराचे स्कॅन, पोरांचे दाखले, यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरात असावी, म्हणजे हा प्रसंग आला तरी झोप उडणार नाही.

विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तुमचा कॉम्प्युटर त्यामुळं बंद पडत नाही, पण त्याला मिळणारी सुरक्षेची नेहमीची दुरुस्ती थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनवर ते नीट बसत नसेल आणि तुमचं काम इंटरनेट, मेल आणि पत्रं टाइप करण्यापुरतंच असेल, तर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाका. माझ्या जाऊबाई त्याच्यावरच भिशीचा हिशेब ठेवतात.

नेट गेलं की आधी राउटरचे दिवे बघा. 'एलओएस' हा दिवा लाल असेल तर फायबरमधून उजेडच येत नाही, घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, केबलवाल्याला फोन करा. त्याआधी फक्त बारीक पिवळी किंवा पांढरी फायबर कपाटामागं दुमडली गेलीय का ते बघा. तिच्या टोकाला बोट लावू नका, डोळ्यांसमोर धरू नका. दिवा ठीक आहे आणि तरी नेट नाही, तर मोबाइल राउटरजवळ नेऊन बघा. जवळ चालतं आणि आतल्या खोलीत नाही, हा आपल्याकडच्या जुन्या घरांचा प्रश्न आहे: दगडमातीच्या दीड-दोन फुटी भिंतीतून वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जात नाही. तिथं २.४ वाला वापरा, वेग कमी पण पोहोच जास्त.

राउटर बंद करून अर्ध्या मिनिटानं सुरू करणं हे चांगलं औषध आहे. पण मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसणं हे वेगळं प्रकरण. त्यानं सगळी सेटिंग पुसली जाते आणि जोडणीचं नाव-पासवर्ड पुन्हा भरल्याशिवाय नेट येत नाही. ते नाव-पासवर्ड आजच केबलवाल्याकडून घेऊन वहीत लिहून ठेवा.

जुनी मराठी फाइल उघडल्यावर चित्रविचित्र रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर फाइल बिघडलेली नसते. ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. तोच फॉन्ट टाका किंवा कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि पडद्यावर 'व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा' असं आलं तर फोन करायचा नाही, कुणाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला आपला पडदा दाखवणारं ॲप टाकायचं नाही. खिडकी बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात.

ज्याला हात लावायचा नाही

मायक्रोवेव्ह उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या वरचा चार्ज असतो आणि पिन काढल्यावरही तो काही काळ तसाच राहतो. मोबाइल किंवा लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर तिला टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका. डेस्कटॉपला वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा आणि एसीचं बाहेरचं युनिट यांनाही माझा हात लागत नाही. मी शिकवत होते म्हणून मला जमेल असं गल्लीला वाटतं, मी सरळ नाही म्हणते.

पुराचं पाणी

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी बघितला त्यांना याचं कारण सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदीकाठच्या आणि सखल भागातल्या घरांनी ३९ ची बातमी आली की तळमजल्यावरच्या पिना उपसायला घ्याव्यात. आधी इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी, कारण घराची लाइट बंद केली तरी ती जिवंत असते. मग कॉम्प्युटरचा डबा, मग मिक्सर, मोटारीचा स्टार्टर. फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोघांना उचलत नाहीत, त्यांना निदान टेबलावर चढवा आणि निघताना मेन बंद करा.

पाणी ओसरल्यावर घाई होते, ती होऊ देऊ नका. बोर्डात पाणी शिरलं असेल तर वायरमननं तपासल्याशिवाय मेन वर करायचा नाही. भिजलेलं यंत्र 'चालतंय का बघू' म्हणून लावायचं नाही, पुष्कळ यंत्रं पुरात मरत नाहीत, त्या एका 'बघू'त मरतात. पुराचं पाणी चिखलाचं आणि गटाराचं असतं, ते वाळलं की आत थर राहतो. म्हणून मिक्सर किंवा पंख्याचा गाळ आधी स्वच्छ पाण्यानं धुवायचा, मग सुटे भाग पंख्याच्या वाऱ्यावर कित्येक दिवस वाळवायचे. पावसाळी हवेत दोन दिवसांत वरून कोरडं दिसतं, वाइंडिंगच्या आत ओल तशीच असते. उद्यमनगरातल्या वाइंडिंगवाल्याकडं मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र असतं. ५०० व्होल्टच्या मेगरवर मोटारीचं वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात निदान एक मेगोहम दिसला पाहिजे, त्याच्या खाली असेल तर परत वाळवायचं. भिजलेला मोबाइल तांदळाच्या डब्यात घालू नका. तांदूळ फार ओल ओढत नाही आणि त्याचा भुगा चार्जिंगच्या भोकात जातो. बंद करा, कव्हर आणि सिमचा ट्रे काढा, भोक खाली करून पंख्यासमोर ठेवा.

आणि मेकॅनिकला बोलवायची वेळ आलीच, तर त्याला 'बिघडलाय' एवढंच सांगू नका. काय आवाज आला, कसला वास आला, त्याआधी काय केलं होतं, कुठले जोड तुम्ही तपासले, हे सांगा. त्याचा वेळ वाचतो आणि तुम्हाला काही कळत नाही असं धरून तो बोलत नाही. काम झाल्यावर जुना पार्ट परत मागून घ्या. पुढच्या वेळी दुकानात तोच दाखवायला लागतो.